अंगठा अर्ध्यावर, पाइप ड्रॅगचा: बॅनशी ३५० च्या कामाच्या नोंदी

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४

गाडी यामाहा बॅनशी ३५०, वाळूत पळवायची चार चाकांची क्वाड. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, पाण्यावर थंड होणारं ३४७ सीसीचं इंजिन, सहा गिअर. महाराष्ट्रात ज्यांनी राजदूत आरडी ३५० खोललीय त्यांच्यासाठी सांगतो, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) तेच, ६४ × ५४ मि.मी. फक्त आरडी हवेवर थंड होते आणि हिला रेडिएटर आहे. काम यूएईतल्या शारजातल्या गाळ्यात, चाचणी बदायर वाळवंटाच्या वाळूत.

तक्रार अशी: खड्ड्यासारख्या गोल वाळूतून गाडी बाहेर निघत नाही. खालच्या रेसला गुदमरते, क्लच घसरवत बाहेर काढावी लागते, तासाभरात प्लग काळे. मग अचानक ताकद एकदम येते आणि पुढची चाकं उचलतात. चालवणारा ७८ किलोचा. त्याला सरळ उंच टेकडी चढायची नाही, छोट्या टेकड्यांमधून वळणावळणानं फिरायचंय.

आधीच्या मालकानं बसवलेलं सामान: ड्रॅगचे (सरळ रेषेत पूर्ण रेसच्या शर्यतीचे) एक्झॉस्ट पाइप, ३५ मि.मी.चे दोन कार्ब (कार्बोरेटर), १७ सीसीचे डोम (हेडमधले बदलता येणारे तुकडे, जितके लहान तितकं कॉम्प्रेशन जास्त), टायमिंग (ठिणगीची वेळ) ७ अंश पुढे, १० नंबरचे थंड प्लग. सिलिंडरचं पोर्टिंगही (भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, घासून मोठे करणं) झालेलं आहे असं सांगितलं होतं, किती ते कुणालाच माहीत नव्हतं.

आज फक्त कार्बमधले जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बदलले. मेन (पूर्ण रेसचा) दोन पायऱ्या खाली, पायलट (अगदी कमी रेसचा) एक पायरी खाली. फरक नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर आणि शनिवार, १९ ऑक्टोबर

पुन्हा जेट. मधल्या रेसचं पेट्रोल ठरवणाऱ्या सुईची क्लिप वर, खाली, मधे. दोन दिवस आणि साधारण १८० दिरहमचे जेट गेले. पाइपाचा दोष जेटनं निघत नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. ड्रॅगचा पाइप खालच्या रेसला उलटी लाट चुकीच्या वेळी पाठवतो. तिथे कितीही बारीक जेट घाला, इंजिन स्वच्छ चालेल पण ओढणार नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर

जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते आज केलं. चालवणारा खरोखर कुठल्या रेसला गाडी चालवतो, ते मोजलं.

रेसच्या मुठीऐवजी हिला अंगठ्याचा खटका असतो. त्याच्या घरावर पांढरी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या आणि हँडलवर कॅमेरा बांधला. इंजिनचे फेरे मोजायला फोनवरचं आवाजाची वारंवारता दाखवणारं ॲप वापरलं. या इंजिनात एका फेऱ्यात दोन्ही सिलिंडर एकेकदा पेटतात, म्हणून २०० हर्ट्झ म्हणजे ६००० फेरे. इथे एक फसगत होते: फोन एकाच पाइपाजवळ असला तर त्या एका सिलिंडरचाच ठोका ठळक येतो आणि आकडा निम्मा दिसतो. आमचं पहिलं रेकॉर्डिंग त्यामुळे वाया गेलं. फोन टाकीच्या मधोमध, टॉवेलात गुंडाळून बांधा.

चाळीस मिनिटांच्या फेरीतून निघालेलं: बहुतेक वेळ ३५०० ते ६५०० फेरे, अंगठा पाव ते अर्ध्याच्या थोडं पुढे. पूर्ण रेस मिळून दोन मिनिटंही नाही. आणि गाडीतलं सगळं सामान ८००० च्या वर जागं होणारं.

यापुढचा प्रत्येक निर्णय या एका आकड्यावर घेतला. नवीन काही विकत घ्यायच्या आधी हे मोजा, खर्च शून्य आहे.

शनिवार, २ नोव्हेंबर

पाडवा. काम बंद.

शनिवार, ९ नोव्हेंबर

इंजिन वरून खोललं. हेड काढल्यावर डाव्या पिस्टनच्या कडेला, एक्झॉस्टच्या बाजूला, सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे. बोट फिरवलं की सँडपेपरसारखं खरखरीत लागतं. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिऱ्याच्या पुडीएवढे करडे ठिपके. हे डिटोनेशन, म्हणजे मिश्रण ठिणगीच्या लाटेनं न जळता उरलेलं एकदम फुटतं.

कारण सापडलं ते पेट्रोलच्या आकड्यात. डोम अमेरिकन आहेत आणि त्यांच्यासोबत ‘९१ ऑक्टेन’ असं लिहून आलेलं होतं. म्हणून गाडीत इथलं ई-प्लस ९१ पेट्रोल भरलं जायचं. अमेरिकेत पंपावरचा आकडा ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींची (आरओएन आणि एमओएन) सरासरी असतो, इथला आकडा फक्त आरओएन असतो. तिथलं ९१ म्हणजे इथलं साधारण ९५ ते ९६. इथलं ९१ तिथल्या ८७ च्या जवळ जातं. वर टायमिंग ७ अंश पुढे आणि ऑक्टोबरची दुपार ३५ अंशांची. कॉम्प्रेशन मोजलं तेव्हा १८५ पीएसआय आलं होतं, दोन्ही बाजूंना. मोजताना इंजिन गरम, रेस पूर्ण उघडी, काटा थांबेपर्यंत किक. रेस बंद ठेवून मोजलेला आकडा कामाचा नाही.

मग पोर्ट. सिलिंडरच्या वरच्या काठापासून एक्झॉस्ट पोर्टचा वरचा काठ २४.६ मि.मी.वर. ५४ स्ट्रोक आणि ११० मि.मी.चा कनेक्टिंग रॉड धरून हिशेब केला की पोर्ट एका फेऱ्याच्या ३६० पैकी २०४ अंश उघडा राहतो. ही ड्रॅगची कटिंग आहे. घासलेलं लोखंड परत येत नाही. सिलिंडर खालून कापून पोर्ट खाली आणता येतो, एक मि.मी.ला साधारण चार अंश. पण मग वरून पिस्टन बाहेर येतो, डोम पुन्हा कापावे लागतात आणि ट्रान्सफर पोर्टही (ताजं मिश्रण आत आणणारे) सोबत खाली जातात. तो रस्ता सोडला. हात न लावलेले जुने सिलिंडर शोधायचे ठरवलं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

सिलिंडरची जोडी मिळाली, ९०० दिरहम. पोर्ट २७.९ मि.मी.वर, म्हणजे १९० अंश. पोर्टांच्या कडांवर कारखान्याच्या ओतकामाच्या खुणा तशाच, म्हणजे कुणी घासलेलं नाही. फक्त पोर्टच्या कडा आतून अर्धा मि.मी. गोल केल्या, नाहीतर बोअर मारल्यावर उरलेली धार रिंग खाते.

बाकीची निवड अशी ठरली. पाइप एफएमएफचे फॅटी, वापरलेले, १२०० दिरहम. यांची ताकद खालून आणि मधून येते, वर लवकर संपते. या चालवणाऱ्याला वरचं लागतच नाही. डोम २२ सीसी, ३०० दिरहम. हेड आधीपासून बदलत्या डोमचं होतं म्हणून एवढ्यात भागलं. कार्ब मूळचे २६ मि.मी.चे मिकुनी, जोडी ३५०.

कार्बबद्दल दोन शब्द. मोठा कार्ब म्हणजे जास्त ताकद हा समज वाळूत महाग पडतो. ३५ च्या नळीतून ४५०० फेऱ्यांना हवा इतकी सावकाश जाते की ती जेटमधून पेट्रोल नीट ओढतच नाही. अंगठा झटकन दाबला की इंजिन एक उचकी घेतं, आणि खड्ड्यातून निघताना नेमका तोच क्षण हातचा जातो. २८ चा पीडब्ल्यूके कार्बही चालला असता. २६ घेतले कारण स्वस्त मिळाले आणि मूळ एअरबॉक्सला (एअर फिल्टरच्या डब्याला) सरळ बसतात.

एअरबॉक्स ठेवला. उघडे कोन फिल्टर लावणारे पुष्कळ आहेत, पण बदायरची वाळू पिठासारखी बारीक आहे. बॉक्सचं झाकण काढलं, फोमला तेल, बसण्याच्या कडेला ग्रीसचा पट्टा.

शनिवार, २३ नोव्हेंबर

बोअर ६४.५ करायला सिलिंडर लेथवाल्याकडे दिले होते, ते परत आले. फोर्ज्ड पिस्टन सोबत दिले होते आणि जागा ०.०७५ मि.मी. ठेवा असं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. बोअर आणि होनिंगचे ३००. पिस्टनचे दोन संच ८००.

रिंगचा गॅप बोअरमध्ये घालून मोजला, ०.३० मि.मी., ठीक. पिस्टन आणि बोअरमधली जागा मात्र मोजली नाही, चिठ्ठीवर विश्वास ठेवला. त्याची किंमत पुढे २१ डिसेंबरला आहे.

स्क्विश, म्हणजे पिस्टन सर्वात वर असताना हेडशी उरणारी फट, मोजायला १.५ मि.मी.ची सोल्डरची तार, पिस्टन पिनच्या रेषेत दोन्ही टोकांना, ग्रीसनं चिकटवून. पिनच्या आडव्या दिशेनं ठेवली तर पिस्टन डुलतो आणि आकडा खोटा येतो. आलं १.२ दोन्हीकडे. याहून कमी करायची गरज नव्हती.

टायमिंगची प्लेट ७ वरून ४ अंशांवर. प्लग बीआर८ईएस. १० नंबरचा प्लग सतत पूर्ण रेस देणाऱ्यासाठी. अर्ध्या रेसवर तो स्वतःला साफ करण्याइतका तापतच नाही, म्हणून आधी काळे पडत होते.

आज गाडी सुरू व्हायला हवी होती, झाली नाही. मूळ कार्बच्या डोक्यावर टॉर्सची टोपणं असतात. रेसची केबल आणि स्लाइड (कार्बातला हवेची वाट उघडणारा दट्ट्या) यांचा मेळ तुटला तर इंजिन बंद करणारी ही व्यवस्था. आधीच्या मालकानं तिचा डबा आणि वायरिंग काढून टाकलं होतं, आणि घेतलेल्या कार्बांना टोपणंच नव्हती. आयडलही तिथूनच ठरतो. टॉर्स काढल्यावर बसणाऱ्या साध्या टोपणांचा संच मागवला, १६० दिरहम आणि एक आठवडा. जुने २६ चे कार्ब घेताना आधी डोक्याकडे बघा.

शनिवार, ३० नोव्हेंबर

टोपणं बसली. दोन्ही स्लाइड एकदम उठतात का ते बघायला दोन्हीखाली एकाच मापाच्या ड्रिल बिटाची दांडी सरकवली आणि अंगठा हळूहळू दाबला. दोन्ही दांड्या एकाच क्षणी सुटल्या पाहिजेत. उजवी आधी सुटत होती, केबल सारखी केली.

पहिल्या किकवर नाही, चौथ्यावर सुरू. रेस दिली, सोडली, आणि इंजिन खाली यायलाच तयार नाही. तीन हजारांवर लटकून राहिलं. ताबडतोब बंद केलं. आयडलचा स्क्रू फिरवून हे दाबू नका. लटकणारी रेस म्हणजे कुठून तरी फुकटची हवा आत येतेय, आणि ती हवा पिस्टन वितळवते.

लीक टेस्ट: एक्झॉस्टला रबरी बुच, इनटेकला बुच, प्लगच्या जागेतून हवा ६ पीएसआय, सहा मिनिटं थांबायचं. एक पीएसआयपर्यंत उतरलं तर चालतं. आमचं दोन मिनिटांत शून्य. क्रँकच्या मधलं सील दोन बाजूंमध्ये थोडी हवा सोडतंच, म्हणून दोन्ही सिलिंडर एकत्र बुजवून भरा, नाहीतर नसलेली गळती शोधत बसाल.

साबणाच्या पाण्याचे फुगे दोन जागी आले. एक, इनटेकच्या दोन रबरी बुटांना जोडणारी आडवी नळी, तिची उजवी टोकाकडची भेग. दोन, स्टेटरच्या बाजूचं, म्हणजे डावं क्रँक सील. डाव्या पिस्टनवर खड्डे जास्त का होते त्याचं उरलेलं उत्तर हे. डावं सील गेलं तर हवा आत येते आणि तो सिलिंडर कोरडा, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असा चालतो. उजवं गेलं तर गिअरचं तेल आत येतं आणि पांढरा धूर दिसतो, म्हणजे निदान कळतं तरी. डावं गुपचूप मारतं.

दोन्ही सीलं ९० दिरहम, गॅस्केटचा संच २२०. नळी बदलली. पुन्हा भरलं, सहा मिनिटांत अर्धा पीएसआय.

ही टेस्ट सुरू करायच्या आधीची आहे, नंतरची नव्हे. आम्ही उलट केलं.

शनिवार, ७ डिसेंबर

इंजिन तीन वेळा गरम करून पूर्ण थंड केलं, नट पुन्हा कसले. कॉम्प्रेशन १४५ आणि १४५. पेट्रोल स्पेशल ९५, तेल ३२ ला १, म्हणजे २० लिटरला ६२५ मि.ली. एकदा जेट ठरले की हे प्रमाण हलवू नका. तेल वाढवलं की तेवढंच पेट्रोल घटतं आणि मिश्रण उलट कोरडं होतं.

मेन ३१० वर सुरुवात, मुद्दाम रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. बदायर, दुपारी २७ अंश. पूर्ण रेसला घुरघुर, ओढ नाही. ३०० वर थोडं साफ. २८० वर साफ, प्लग फिकट तपकिरी. २७० घातला नाही. वाळूत इंजिनावर कायम ओझं असतं, रस्त्यावर जो जेट बरोबर वाटतो तो इथे कोरडा पडतो.

पण या चालवणाऱ्याला मेन जेट फारसा लागतच नाही. पाऊण रेसच्या पुढे त्याचं राज्य. पाव ते पाऊण सुईचं. म्हणून दिवसाचा मोठा भाग सुईवर घालवला. सपाट घट्ट वाळूवर, चौथा गिअर, अंगठा अर्ध्याच्या खुणेवर धरून एक मिनिट, मग क्लच दाबून इंजिन तिथेच बंद आणि प्लग बाहेर. मधल्या खाचेला प्लग जवळजवळ पांढरा. क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे सुई वर आली. रंग आला आणि उचकीही गेली. पायलट २५ वरून २७.५.

पहिल्याच खड्ड्यातून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये क्लचला हात न लावता वर आली.

शनिवार, १४ डिसेंबर

स्प्रॉकेट. पुढे १४ दात, मागे ४१ ही मूळ जोडी. सगळे सांगतात वाळूत पॅडल टायर (वाळू ढकलणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे) असले की पुढे १३ घाला. ६० दिरहम देऊन घातला. जुन्या सामानावर त्यानं खरोखर मदत केली असती, कारण इंजिन वरच्या रेसला टिकून राहिलं असतं. आता उलटं झालं. ताकद खालून येते आणि लवकर संपते, त्यात गिअर छोटा, म्हणजे वळणाच्या मधोमध गिअर बदलायची वेळ. गिअर बदलताना गाडी मऊ वाळूत एक श्वास थांबते आणि मागची चाकं बसतात. १४ परत. इंजिनचा स्वभाव बदलला की गिअरचे जुने सल्ले लागू पडत नाहीत.

मागचे टायर आठ पॅडलचे ठेवले.

शनिवार, २१ डिसेंबर

पहाटे १४ अंश. सुरू केली, दोन मिनिटांत निघाली, पहिल्या चढावर पाऊण रेस, आणि मागची चाकं एकदम धरली. क्लच दाबला तसा सुटली. किक मारली, फिरते, पण उजव्या बाजूचं कॉम्प्रेशन कमी.

दुपारी खोललं. उजव्या पिस्टनवर चार उभे ओरखडे, पिनपासून तिरपे, चार कोपऱ्यांत. एक्झॉस्टच्या बाजूलाच एक मोठा ओरखडा असता तर मिश्रण कोरडं म्हटलं असतं. चार कोपरे म्हणजे पिस्टन बोअरपेक्षा आधी फुगला आणि जागा पुरली नाही. आता बोअर मोजला: उजवीकडे ०.०५, डावीकडे ०.०७. चिठ्ठीवर ०.०७५ होतं. काम करणाऱ्याची चूक आहेच, पण गेज गाळ्यातच होता आणि सिलिंडर बसवायच्या आधी पाच मिनिटांचं मोजमाप राहून गेलं. त्यात रेडिएटरचं पाणी गार असताना फोर्ज्ड पिस्टनला ओझं दिलं. साध्या ओतीव पिस्टनपेक्षा तो जास्त फुगतो.

स्लीव्हवर चिकटलेलं ॲल्युमिनियम म्युरिॲटिक ॲसिडनं काढलं. कापसाच्या काडीनं, फक्त चिकटलेल्या भागावर, पोर्टजवळ नाही, हातमोजे घालून आणि गाळ्याचं शटर उघडं ठेवून. फेस यायचा थांबला की ॲल्युमिनियम संपलं. खालचं लोखंड शाबूत होतं. दोन्ही सिलिंडर होन करून ०.०७५ वर आणले, ८० दिरहम. उजवा पिस्टन नवा, ४००. गॅस्केट पुन्हा, ११०.

शनिवार, ४ जानेवारी २०२५

जोडली, लीक टेस्ट आधी, मग किक. तीन गरम-थंड फेऱ्या. आता नियम असा: रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावून ऊब लागेपर्यंत गाडी जागेवरून हलत नाही.

सकाळी १३ अंशांना २८० वर प्लग फिकट. ३३ अंशांपेक्षा १३ अंशांची हवा साधारण ७ टक्के दाट असते, त्यासाठी जेटची एक पायरी पुरते. २९० घातला, रंग परत. टाकीखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवलं: २० च्या खाली २९०, वर २८०. मार्चनंतर दुपारी ३५ च्या वर गेलं तर २७०, पण आधी प्लग बघून.

शनिवार, १८ जानेवारी

पुन्हा फोन, पुन्हा चिकटपट्टी, तीच चाळीस मिनिटांची वाट. फेरे ३५०० ते ६५००, अंगठा तिथेच. चालवणारा बदलला नाही, बदलायचा नव्हताच. क्लचची पकड फेरीच्या शेवटीही तशीच घट्ट, तेलाला जळका वास नाही. तिसऱ्या गिअरमध्ये गोल खड्ड्याची कड घेताना आवाज एकसारखा वर जातो, मधे भोक नाही. ७५०० च्या वर मात्र दम संपतो, उंच सरळ चढावर ही गाडी इतरांच्या मागे राहील.

जुने पोर्ट केलेले सिलिंडर, ड्रॅग पाइप आणि ३५ चे कार्ब मिळून २९०० दिरहमना गेले. घेणारा फक्त उंच टेकडीवर पूर्ण रेसनं सरळ चढतो. त्याला ते सामान नेमकं जुळतं. १७ चे डोम मात्र त्याला द्यायच्या आधी पेट्रोलचं सांगितलं: सुपर ९८ च भरायचं, आणि टायमिंग ७ वर नाही.

हिशेब: सामान आणि मजुरी ४५६०, सीज झाल्याचे (पिस्टन धरला त्याचे) ५९०, विक्रीतून आलेले २९००. निव्वळ २२५० दिरहम. वेळ तेरा दिवस, त्यातले तीन जेटमध्ये, एक टोपणांच्या अभावी आणि दोन न मोजलेल्या बोअरमुळे गेले.

राहिलेलं: डाव्या रीडच्या (इनटेकमधल्या एकाच दिशेनं उघडणाऱ्या झडपेच्या) एका पाकळीच्या टोकाला केसाएवढी फट दिसते, उजेडासमोर धरल्यावर. अजून चालते, पण पुढच्या शनिवारी दोन्ही बाजूंच्या पाकळ्या बदलणार.